रिकाम्या थडग्याचे साक्षीदार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ख्रिस्ती दफनविधीला मी आयुष्यात पहिल्यांदा हजर राहिलो तो २००४ साली. आमच्या महाविद्यालयात गणित शिकवणारे माझे एक सहकारी मूळचे वसईचे, राहायला मुंबईच्या एका उपनगरात. त्यांच्या पत्नी अल्पशा आजाराने गेल्या. शवपेटी कबरीत उतरवल्यावर जमलेल्यांनी एकेक करून मूठभर माती टाकली, मीही टाकली. आमच्याकडे चिता पेटली की सारे संपले हे डोळ्यांनाच पटते. इथे तसे झाले नाही. फादर मराठीतून प्रार्थना म्हणत होते आणि तिच्यात शेवटच्या दिवशी हा देह पुन्हा उठेल अशा अर्थाचे शब्द होते. आत्मा नव्हे, देह. मी जरा चमकलोच.

रात्री पाहुणे पांगल्यावर आम्ही दोघेच बाहेरच्या खोलीत बसलो होतो. त्यांनी एकदम विचारले, "सर, तुम्ही इतिहासाचे. फादरना जे विचारायचं ते मी विचारीनच. पण तुम्हाला विचारतो. येशू खरंच उठला होता का?"

मी आम्हा इतिहासवाल्यांचे ठरलेले उत्तर दिले. चमत्कार हा इतिहासाचा विषय नाही, इतिहास त्यावर भाष्य करत नाही, वगैरे. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सिद्ध करता येत नाही म्हणून आम्ही गणितवाले वही मिटत नाही. काय दिलेलं आहे, एवढं तरी लिहितो."

त्या रात्रीपासून मी 'काय दिलेलं आहे' ते वाचत आलो आहे. आज तेच थोडेसे तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक गैरसमज बाजूला सारायला हवा. 'पुनरुत्थान' हा शब्द कानावर पडला की आपल्या मनात शेजारचा शब्द जागा होतो, 'पुनर्जन्म'. जुने वस्त्र टाकून नवे घ्यावे तसा आत्मा देह बदलतो, ही कल्पना आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की मरणानंतरचे काहीही आपण त्याच साच्यात ओततो. पुनरुत्थान त्या साच्यात बसत नाही. तिथे जुने वस्त्र टाकायचे नसते, तेच नवे होऊन परत मिळायचे असते. १६१६ साली राशोल येथे छापल्या गेलेल्या 'क्रिस्तपुराणा'त फादर स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने येशूची कथा मराठी ओवीत सांगितली. पुनर्जन्म ज्यांच्या हाडीमाशी खिळलेला, अशा श्रोत्यांना हा प्रसंग ऐकवताना त्याला किती कसरत करावी लागली असेल, याची कल्पना करून पाहा.

आणि ही अडचण केवळ आपली होती असेही नाही. ग्रीकांना तर ती आपल्यापेक्षा जास्त होती. त्यांच्यातल्या पुष्कळ विचारवंतांना देह म्हणजे आत्म्याचा तुरुंग वाटे. सुटलेल्या कैद्याने पुन्हा तुरुंगात का जावे? पौल, म्हणजे सेंट पॉल, अथेन्सच्या विद्वानांपुढे बोलला तेव्हा ते बराच वेळ शांतपणे ऐकत होते. मेलेल्यांच्या उठण्याचा विषय निघताच काही जण हसू लागले, असे बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात नमूद आहे.

ज्यू समाजात मात्र ही कल्पना आधीपासून होती. तिचा उगम मला फार बोलका वाटतो. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात ग्रीक राजवटीखाली धर्मासाठी छळ सोसून माणसे मेली, तेव्हा देव न्यायी असेल तर यांचे काय, हा प्रश्न उभा राहिला. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात सात भावांची कथा आहे. त्यांतला एक जण हात तोडले जाण्यापूर्वी ते पुढे करतो आणि हे हात देवाने दिले, त्याच्याकडूनच परत मिळतील, अशी आशा बोलून दाखवतो. मोडलेल्या देहाचा न्याय देहातच व्हावा, ही ती मागणी होती. येशूच्या काळी परुशी हे मानत आणि सदूकी मानत नसत. पण मानणाऱ्यांचीही अपेक्षा काय, तर युगाच्या अंती सर्व जण एकदम उठतील. मधेच, जग जसेच्या तसे चालू असताना, एकटाच माणूस उठेल असे कोणी म्हणत नव्हते. येशूचे शिष्य नेमके तेच म्हणू लागले.

कधीपासून म्हणू लागले? इथे इतिहासाला बोलायला जागा आहे.

रोमन अधिकारी पिलात याच्या आज्ञेने येशूला क्रूसावर चढवले गेले ते इसवी सन ३० च्या सुमारास. पिलात २६ ते ३६ या काळात यहूदियाचा कारभार पाहत होता आणि त्याच्या नावाचा शिलालेख १९६१ साली कैसरिया येथे सापडला आहे. शुभवर्तमाने, म्हणजे मार्क, मत्तय, लूक आणि योहान यांची येशूचरित्रे, त्यानंतर चाळीस ते साठ-सत्तर वर्षांनी लिहिली गेली असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण त्यांच्याही आधीचा एक कागद आपल्याकडे आहे. इसवी सन ५४ च्या आसपास पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिले. त्याच्या पंधराव्या अध्यायात तो म्हणतो की, मला जे मिळाले तेच मी तुमच्याकडे सोपवले. मिळणे आणि सोपवणे हे गुरुपरंपरेतले शब्द आहेत, पाठ करून पुढे द्यायच्या गोष्टीसाठी वापरायचे. पुढे यादी येते. येशू मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. तो आधी केफाला म्हणजे पेत्राला दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून अधिक बंधूंना एकाच वेळी, मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना आणि सर्वांच्या शेवटी मला, असे पौल सांगतो. पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असेही तो घालतो. म्हणजे हवे तर विचारून या!

ही परंपरा पौलाला कुठून मिळाली? दुसऱ्या एका पत्रात तो सांगतो की ख्रिस्ती झाल्यावर तीन वर्षांनी तो जेरुसलेमला गेला, पेत्राकडे पंधरा दिवस राहिला आणि येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला. पंधरा दिवस दोघे हवापाण्याच्या गप्पा मारत बसले नसणार. म्हणजे घटनेनंतर फार तर सात-आठ वर्षांत पौल त्या यादीतल्या दोघांसमोर बसला होता. पुनरुत्थानाची कथा शंभर-दोनशे वर्षांत हळूहळू रचली गेली, हे आपल्याकडे बरेच ऐकू येणारे मत इथे टिकत नाही. हा विश्वास पहिल्या पिढीचाच आहे, अगदी पहिल्या काही वर्षांतला.

यादीतल्या याकोबाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. येशू हयात असताना त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, हे शुभवर्तमानेच सांगतात. घरचा माणूस असा गावोगाव हिंडू लागला की भावांना काय वाटते, ते सांगायला नको. तोच याकोब पुढे जेरुसलेमच्या मंडळीचा प्रमुख होतो आणि ६२ साली दगडांनी ठेचून मारला जातो. ही शेवटची गोष्ट ख्रिस्ती लेखकाने नव्हे, जोसेफस या ज्यू इतिहासकाराने नोंदवली आहे. मधे काय घडले? पौलाची यादी एवढेच म्हणते, की तो याकोबाला दिसला.

या यादीत एक मोठी गैरहजेरी आहे. स्त्रिया नाहीत. आणि चारही शुभवर्तमानांत रविवारी पहाटे थडग्यावर जाणाऱ्या पहिल्या कोण, तर स्त्रियाच. त्यांतही मग्दालीया मरीया चारही ठिकाणी आहे. त्या समाजात साक्षीला स्त्रीचा शब्द हलका धरत. स्त्रियांची साक्ष घेऊ नये, असे जोसेफसने स्पष्टच लिहिले आहे. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या ग्रीक विचारवंताने ख्रिस्ती लोकांची टिंगल केली तीही याच मुद्द्यावर, की पाहिले कोणी, तर एका भ्रमिष्ट बाईने. आता मला सांगा, एखाद्याला कथा रचायचीच असती तर त्याने आपल्या खटल्यात असे साक्षीदार उभे केले असते का? पेत्राला आधी पाठवले असते. पौलाच्या यादीतून त्या वगळल्या गेल्या त्याचे कारण बहुधा हेच असावे, आणि शुभवर्तमानांत त्या राहिल्या त्याचे कारण, तसेच घडले होते हे सगळ्यांना ठाऊक होते. हा माझा तर्क आहे, पण तो मला पटतो.

सर्वांत जुन्या शुभवर्तमानाचा, मार्कचा, शेवट तर फारच विलक्षण आहे. कोडेक्स सिनाइटिकस आणि कोडेक्स व्हॅटिकॅनस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत तो सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वाक्याशी थांबतो. थडगे रिकामे असते, आत पांढऱ्या झग्यातला तरुण बसलेला, तो निरोप देतो. स्त्रिया थरथरत पळून जातात आणि भीतीने कोणाला काही सांगत नाहीत. संपले. उठलेला येशू दिसतच नाही. आज छापील बायबलमध्ये पुढे जी बारा वाक्ये आहेत ती नंतर जोडलेली. असा उघडा शेवट पुढच्या लोकांना सोसवला नाही हे उघडच आहे.

चार वृत्तान्त एकमेकांशी जुळतही नाहीत. स्त्रिया किती, देवदूत एक की दोन, येशू दिसला तो गालीलात की जेरुसलेमात, प्रत्येकाचे वेगळे. मी पस्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या. चार पेपरांत शब्दन् शब्द सारखा असला की मी वर्गातली बाकांची रचना आठवू लागे. इथे कॉपी झालेली नाही एवढे नक्की. पण उत्तरे वेगळी आहेत म्हणून ती बरोबर आहेत, असेही कोणी समजू नये.

आता ज्या मुद्द्यापाशी मी बरीच वर्षे अडखळलो, तो सांगतो. दिसणे म्हणजे काय? १९७१ साली वेल्समधल्या एका डॉक्टरने २९३ विधवा-विधुरांशी बोलून एक लेख प्रसिद्ध केला. त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचे कधी ना कधी जाणवले होते, काहींना तो दिसला होता, काहींना ऐकू आला होता. ही माणसे वेडी नव्हती. तेव्हा शिष्यांचेही असेच झाले असेल, हे स्पष्टीकरण अनेक अभ्यासक देतात आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पत्नी जाऊन वर्षही न झालेल्या माणसाला हे कसे सांगावे, असे मला झाले होते. एकदा बोलता बोलता सांगून टाकले. ते म्हणाले, "मला ती स्वयंपाकघरात दिसते, सर. दोनदा दिसली. दिसली म्हणजे उठली असं मला नाही वाटलं. उलट ती गेली, हे त्या वेळी जास्त लागलं."

हे वाक्य मी कुठल्या ग्रंथात वाचले असते तर खूण करून ठेवली असती. प्राचीन जगालाही मेलेली माणसे दिसत होती. भुते होती, स्वप्ने होती, आणि त्यांच्यासाठी शब्दही होते. तो दिसला, त्याचा आत्मा देवाजवळ आहे, एवढे म्हणून शिष्यांना थांबता आले असते. ज्यू परंपरेत ते चालले असते, कोणी दगड मारले नसते. त्यांनी 'उठला' हाच शब्द का उचलला, याचे उत्तर निव्वळ दर्शनांतून निघत नाही. आणि थडगे रिकामे होते एवढ्यातूनही निघत नाही. प्रेत शिष्यांनीच चोरले, अशी वदंता तेव्हाच पसरली होती आणि मत्तयाने ती न लपवता लिहून ठेवली आहे. पुरावा मला इथवर आणून सोडतो. पुढची पायरी इतिहासाच्या जिन्यात नाही.

करिंथच्या लोकांची शंकाही गंमतीची होती. येशू उठला हे त्यांना मान्य होते, आपण उठू हे पटत नव्हते. कुजलेला देह कसा उठेल? पौल त्यांना शेतकऱ्याचे उदाहरण देतो. पेरतो ते बी, उगवते ते रोप. दोन्ही एकच आणि तरी एक नव्हे. पण आडपडदा न ठेवता तो हेही म्हणतो की, ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. धर्मसंस्थापकांत इतके सरळ डाव लावणारी माणसे थोडी.

तो डाव इतरांनीही ओळखला होता. १७७ साली, मार्कस ऑरिलियस हा तत्त्वज्ञ सम्राट राज्य करत असताना, आजच्या फ्रान्समधल्या लियाँ शहरात ख्रिस्ती लोकांना हाल हाल करून मारले गेले. त्यांत ब्लांडिना नावाची एक दासी होती. मारून झाल्यावर प्रेते सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटून दिली. कशासाठी, तर आता हे कसे उठतात ते पाहू! मागे राहिलेल्यांनी लिहिलेले पत्र युसेबियस या इतिहासकाराने जपले, म्हणून हे आपल्याला कळते. छळणाऱ्यांना या श्रद्धेचा गाभा इतका नेमका कळला होता. पुढच्या ख्रिस्ती लेखकांनी राखेतूनही देवाला अडचण नाही असे उत्तर दिले खरे, तरी पुरण्याची रीत घट्ट राहिली. कॅथॉलिक चर्चने दहनाला परवानगी दिली ती थेट १९६३ साली, आणि २०१६ च्या सूचनेतही राख उधळू नये, पवित्र जागीच ठेवावी असे बजावले.

मुंबईत जागेची टंचाई मेलेल्यांनाही चुकत नाही. काही वर्षांनी कबर दुसऱ्याला द्यावी लागते आणि हाडे काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. २००९ च्या सुमारास माझ्या मित्रांवर ती वेळ आली आणि त्यांनी मला सोबत बोलावले. मी जाण्याआधी जेरुसलेमबद्दल वाचले होते. येशूच्या काळी तिथेही असेच करत. प्रेत खडकातल्या थडग्यात ठेवायचे आणि सुमारे वर्षभराने हाडे गोळा करून दगडी पेटीत भरायची. १९६८ साली अशा एका पेटीत येहोहानान नावाच्या माणसाची टाच सापडली, आरपार गेलेल्या लोखंडी खिळ्यासकट. क्रूसावर मेलेल्यांना कोणी पुरत नसे, गिधाडांवर सोडत, म्हणून येशूचे थडगे ही कल्पनाच, असे म्हणणाऱ्यांना ही टाच आडवी येते. निदान एका क्रूसावर मेलेल्याला घरच्यांनी रीतसर पुरले होते.

दफनभूमीत ते सारे मी त्यांना सांगणार होतो. सांगितले नाही. त्यांनी हाडे स्वतःच्या हातांनी पांढऱ्या कापडावर घेतली. दफनाच्या वेळी पत्नीच्या बोटांत गुंफलेल्या जपमाळेचा दोरा कुजला होता, मणी मात्र शिल्लक होते. ते त्यांनी एकेक करून वेचले, मोजले आणि हाडांबरोबर ठेवले.

एक कबुली द्यायची राहिली. पहिल्या वर्षीच मी त्यांना मोठ्या उत्साहाने 'नाझरेथ शिलालेखा'ची माहिती दिली होती. सुमारे दोन फूट उंचीची ही संगमरवरी फरशी १८७८ साली नाझरेथहून पॅरिसला आली आणि तिच्यावरचा ग्रीक मजकूर १९३० साली प्रसिद्ध झाला. थडगे उघडणाऱ्याला, प्रेत हलवणाऱ्याला देहदंड, अशी त्यात राजाज्ञा आहे. नाझरेथ हे येशूचे गाव! तेव्हा रिकाम्या थडग्याची बातमी रोमपर्यंत पोचली, म्हणून हा हुकूम निघाला, असे अनेकांनी मांडले. मीही मांडले. २०२० साली संशोधकांनी त्या संगमरवराची रासायनिक तपासणी केली, तर दगड निघाला तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळच्या कोस बेटावरच्या खाणीतला. तिथे नीकियास नावाचा हुकूमशहा होऊन गेला. तो मेल्यावर लोकांनी त्याचे थडगे फोडून प्रेत बाहेर ओढले होते. हुकूम त्या प्रकरणावरचा असावा, असा त्यांचा कयास आहे. येशूच्या जन्माच्याही आधीचा.

ते वर्ष टाळेबंदीचे. ईस्टरला चर्च बंद होती, जेरुसलेममध्ये येशूचे थडगे मानल्या जाणाऱ्या जागेवर उभे असलेले चर्चही. शनिवारी संध्याकाळी मी मित्रांना फोन केला आणि माझी साक्ष मागे घेतली.

ते ऐकत होते. मग त्यांनी विचारले, "त्या नीकियासचं प्रेत नंतर पुन्हा पुरलं का हो कोणी?"

मी म्हटले, तसे कुठे आढळत नाही.

"बिचारा," ते म्हणाले. "बरं सर, ठेवतो. अंधार पडला, आज मेणबत्ती घरातच लावायची आहे."